उघाडीतला ड

आत्याचा फोन आला तेव्हा मी 'सहायक अनुदान' या शब्दाची चौथी तऱ्हा यादीत घालत होते. सरकारी पुस्तकांत कुठे 'सहायक' असतं, कुठे 'सहाय्यक', कुठे नुसतंच 'सहा. अनु.'. हे सगळं एकच आहे, असं कॉम्प्युटरला सांगून ठेवणं हे माझं काम. सकाळचे अकरा वाजले होते. आत्या माझ्या कामाच्या वेळात कधी फोन करत नाही, म्हणून मी घाबरूनच उचलला.

"बाय, तुज्या त्या मशिनीला इचार," ती म्हणाली, "आमची उघारी सरकार नीट करतंय का नाय ते. ऐतवारी गावकी बसतेय. सह्या करायच्यात."

"कसल्या सह्या?"

"भरावाच्या."

एवढंच. आत्या एका शब्दात बोलली म्हणजे गोष्ट गंभीर, हे मला कॉलेजची तीन वर्षं तिच्या घरात राहून कळलेलं होतं.

आत्याचं गाव पनवेलच्या खाडीला लागून आहे. गावाची भातशेती खाडीपेक्षा खोल. मधे मातीचा लांबलचक बांध, आणि त्या बांधाच्या आतल्या जमिनीला म्हणतात खार. पावसाचं पाणी शेतातून खाडीत जायला हवं, पण भरतीचं खारं पाणी शेतात यायला नको. म्हणून बांधात एक ठिकाणी लाकडी दारं बसवलेली असतात. ओहोटीला शेतातल्या पाण्याच्या रेट्याने ती बाहेर उघडतात, भरतीला खाडीच्या रेट्याने आपोआप मिटतात. माणूस लागत नाही. त्या दारांच्या जागेला आत्या आणि सगळं गाव म्हणतं उघारी.

दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या उधाणात ती दारं फुटली. तेव्हापासून भरती शेतात येते आणि मीठ ठेवून जाते. उन्हाळ्यात जमीन पांढरी दिसायला लागली. आणि मग एक माणूस गावात आला. म्हणाला, सगळा खार मुरुमाने भरून देतो, वर कंटेनरच्या गाड्या उभ्या करतो, कोन गावाच्या बाजूला रस्त्याकडेला करतात तशा, आणि महिन्याचं भाडं देतो. अट एकच, सगळ्यांनी सही करायची. एकाने भराव केला की शेजाऱ्याच्या शेताचं पाणी अडतं. त्यामुळे सगळे तरी, नाहीतर कुणीच नाही.

आत्याला सही करायची नव्हती. तिचं शेत एकच, बांधाला लागून, आणि आतोबा गेल्यापासून तेवढंच तिचं स्वतःचं होतं. पण तिने एकटीने नाही म्हटलं तर तिचं शेत चारी बाजूंच्या भरावात खड्डा होऊन राहिलं असतं. तिचे थोरले दीर, ज्यांना मी थोरले काका म्हणते, ते गावकीत पुढे असतात. त्यांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, "सरकार उघारी बांधतंय असं कुनी दाखवलं, तर आमी अजून एक वरीस थांबतो. नायतर कशाच्या जोरावर थांबायचं?"

आज गुरुवार होता.

"बघते आत्या," मी म्हटलं. "आजच बघते."

"बघ. आनि जेव वेळेवर."

आमचं ऑफिस सुकापूरला, एका मेडिकलच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर आहे. आम्ही सातच जण. मालक पनवेलच्या मोहल्ल्यातले, पुष्कळ वर्षं गल्फमध्ये नोकरी करून परत आलेले. त्यांना आम्ही सगळे भाईसाहेब म्हणतो. आम्ही जे साधन बनवतो ते समजावायला मला घरी बराच वेळ लागला होता. शेवटी मी असं सांगितलं: हल्ली एजंट म्हणून प्रोग्राम निघालेत. त्यांना प्रश्न विचारला की ते स्वतःच कागद शोधतात, वाचतात आणि उत्तर लिहितात. पण सरकारच्या पैशाची माहिती हजारो पानांत विखुरलेली असते: अर्थसंकल्पाची पुस्तकं, जिल्ह्याच्या कामांच्या याद्या, पुरवणी मागण्या. त्यातली निम्मी पानं स्कॅन केलेली, उरलेली जुन्या फॉन्टमध्ये, की उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिखल दिसतो. आम्ही ती पानं वाचता येतील अशी करतो आणि शब्दांवरून शोधायची सोय करतो. एजंट शब्द टाकतो, आमचं साधन नेमकं पान हातात देतं.

"मंजे तू त्याला शब्द शिकवतेस," वडील म्हणाले होते. वडिलांनी जन्मभर टेम्पो चालवला. आमच्या घरात कॉलेजची पायरी माझ्याआधी कुणी चढलं नव्हतं. शब्द शिकवायची नोकरी हे ऐकून ते इतके खूश झाले की आमच्या म्हसळ्यात सगळ्यांना मी मास्तरीण झाले असं सांगून आले.

तर त्या गुरुवारी मी यादी बाजूला ठेवली आणि एजंटला आत्याचा प्रश्न विचारला. जसा तिने विचारला होता तसाच, फक्त जिल्हा आणि तालुका घालून. उघारी दुरुस्तीसाठी या वर्षी तरतूद आहे का?

उत्तर आलं, मोठं सविस्तर. शासनाने घेतलेली कर्जं, त्यांची परतफेड, व्याज, तक्ते, पान क्रमांक. आणि वर एक नम्र ओळ: आपणास 'उधारी' म्हणावयाचे असावे, असे समजून शोध घेतला आहे.

माझ्यासमोर बसणारा प्रोग्रामर नेऱ्याचा आहे. तो मान वळवून माझा स्क्रीन वाचत होता.

"मॅडम, सरकारची उधारी काढलीत? वसुलीला जाताय की काय?"

"गप्प बस रे. उघारी लिहिलंय मी."

"उघारी म्हणजे?"

मी त्याला बांध, दारं, सगळं सांगितलं. नेरे डोंगराखाली, तिथे खाडी नाही, त्यामुळे त्याला शब्द ठाऊक नव्हता. त्याने एजंटला तो शब्द बदलायचा नाही अशी सूचना करून दिली. मग उत्तर आलं, एका ओळीचं: माहिती आढळली नाही.

मी गावाच्या नावाने शोधलं. रस्ता मिळाला, शाळेची खोली मिळाली, स्मशानभूमीची शेड मिळाली. बांध नाही. 'खारभूमी' टाकलं. खारभूमी विकासाची पानंच पानं, पण सगळीकडे नुसत्या एकत्र रकमा, अमुक विभागाला इतकं. कुठल्या गावाच्या कुठल्या दारासाठी, हे त्यात नव्हतं. जेवायची सुट्टी झाली, मी डबा उघडला नाही. डब्यात आत्याकडून आणलेला राता तांदूळ होता, जाडा, लालसर, खारातच होणारा. गेल्या दोन वर्षांत तोही संपत आला होता. हा मागच्याच्या मागच्या पिकातला.

तीन वाजता भाईसाहेब आले. मला तोंड पाडून बसलेली बघून त्यांनी खुर्ची ओढली.

"क्या हुआ बेटा? घरी खैरियत आहे ना?"

मी सगळं सांगितलं. भाईसाहेबांनी स्क्रीनवरचा शब्द वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावला, आणि हसायला लागले.

"अगं, उघारी कुठे? उघाडी! उघाडी म्हणतात त्याला. ड. डमरूतला ड. आमच्या आजोळच्या नानांचा खार होता उरणकडे, मी लहानपणी त्या उघाडीवर बसून खेकडे धरलेत. तुमची आगरी मंडळी ड चा र करतात, तुला माहीत नाही?"

मला माहीत होतं. त्याचंच तर वाईट वाटलं. वडील घरी 'गारी' म्हणायचे, 'घोरा' म्हणायचे, 'वरा' म्हणायचे. म्हसळ्याच्या शाळेत पहिल्या वर्षी बाईंनी मला उभं करून दहा वेळा 'गाडी, घोडा, वडा' म्हणायला लावलं होतं. मुलं हसली होती. त्यानंतर मी प्रत्येक र तपासून बघायला शिकले. कुठला र खरा, कुठला ड. शाळेत जे जे शब्द भेटले ते सगळे मी असे धुऊन घेतले. पण उघारी शाळेत कधी भेटलीच नाही. तो शब्द मी मोठेपणी आत्याच्या ओट्यावर ऐकला, आणि तो असाच आहे असं धरून चालले.

"टाक, आता टाक," भाईसाहेब म्हणाले.

मी 'उघाडी' टाकलं. 

माहिती आढळली नाही.

"असं कसं?" भाईसाहेब म्हणाले. "सारा कोकण खाडीवर बसलाय. एक पण उघाडी नाही सरकारच्या कागदात?"

"भाईसाहेब, सरकारने सगळ्या बंद केल्या असतील," नेऱ्याचा प्रोग्रामर म्हणाला.

"तू कोड बघ. जोक नंतर."

 'उघाडी' हा शब्द मी बघितलेला होता. बोललेला नाही, छापलेला. डोळ्यांसमोर तो स्पष्ट आला: स्कॅन केलेल्या पानांतून निघालेल्या शब्दांची लांबलचक यादी, आणि त्यात मधेच 'उघाडी'. स्कॅन वाचताना मशीन चुका करतं. तरतूदचं 'तरतुट' करतं, खर्चचं 'खच'. त्या चुका दुरुस्त करायची एक वेगळी यादी आहे, डावीकडे चुकीचा शब्द, उजवीकडे बरोबर. ती यादी माझी. दीड महिन्यापूर्वी मीच ती अगदी मन लावून केली होती.

मी ती उघडली. तिथे होतं ते. डावीकडे उघाडी. उजवीकडे उघडी.

मला वाटलं होतं, मशीनने एक काना जास्त वाचला. म्हणून मी तो काना पुसला होता. सगळ्या पुस्तकांतून, सगळ्या जिल्ह्यांतून, अलिबागपासून पार खालपर्यंत जेवढ्या म्हणून उघाड्या कागदांवर होत्या, त्या सगळ्यांचा काना मी सुकापूरला बसून पुसला होता. तीन वर्षं आत्याची उघारी रोज ऐकूनही.

मी उठून भाईसाहेबांसमोर उभी राहिले. शाळेत चूक कबूल करताना उभं राहायची सवय होती ती.

"भाईसाहेब, चूक माझी आहे. शब्द बरोबर होता. मी तो चुकीचा समजून बदलला."

त्यांनी यादी बघितली.  ही माझी पहिली नोकरी. घरी पाठवायच्या पैशांचा विचार तेव्हा मनात आला, हे मी लपवणार नाही.

"किती दिवस झाले?"

"दीड महिना."

"या दीड महिन्यात कुणी उघाडीबद्दल विचारलं?"

मी नोंदी तपासल्या. कुणीच नाही.

"म्हणजे पहिलं गिऱ्हाईक तुझी आत्याच," ते म्हणाले. "अल्लाचा शुकर, घरचंच निघालं. तो शब्द काढ. पानं पुन्हा वाचून घे. आणि आत्याचं काम झालं की ती यादी पूर्ण परत तपासायची. पूर्ण. अलिफपासून, म्हणजे तुमच्या अ पासून."

"हो."

"आणि जो शब्द कळत नाही तो दुरुस्त नाही करायचा. विचारायचा. मला विचार, याला विचार, आत्याला विचार. पूछने में क्या जाता है?"

एवढंच. मी जागेवर येऊन बसले आणि यादीतली ती ओळ पुसली.

पानं नव्याने वाचून घ्यायला पूर्ण शुक्रवार लागला. शुक्रवारी नमाज पढून भाईसाहेब परत आले तेव्हाही ती चालूच होती. साडेचारला संपली. या वेळी मी एजंटकडे गेलेच नाही, सरळ साधनात 'उघाडी' टाकलं आणि आमचा जिल्हा निवडला.

ओळीच ओळी आल्या. उघाडीची झडप बदलणे. उघाडीचे बांधकाम. उघाडी व बाहेरकाठा दुरुस्ती. खाडीच्या अंगाचा मोठा बांध म्हणजे बाहेरकाठा, हा शब्द मात्र मी भाईसाहेबांना विचारून घेतला. पण एकाही ओळीत आत्याच्या गावाचं नाव नव्हतं.

नेऱ्याचा म्हणाला, "मॅडम, आत्याला विचारा ना. भाईसाहेबांनी काल काय सांगितलं?"

मी आत्याला फोन लावला. ती मासळी साफ करत होती, मागे मांजरं ओरडत होती.

"आत्या, मी कामांची नावं वाचते. तुला कुठलं ओळखीचं वाटलं तर थांबव."

"वाच."

मी एकेक ओळ वाचायला लागले. प्रत्येक कामाला कुठल्या तरी खाराचं नाव होतं.

"नाय." ती म्हणायची. "तो पलीकरं, उरनकरं. नाय. तो पेनकरं हाय. नाय, ती लोकं तर कवाच इकून गेली. नाय..." मांजराला एक शिवी. "वाच की अजून."

पान उलटलं. तिसरी की चौथी ओळ.

"थांब," आत्या म्हणाली. "परत वाच."

मी परत वाचली. खाराचं नाव, मग 'उघाडीची दारे नवीन बसविणे व बाहेरकाठ्याची खांड बुजविणे'. बांध फुटून पडलेल्या भगदाडाला खांड म्हणतात, तो शब्द मला आत्याकडूनच माहीत होता.

"तो आमचाच खार," आत्या म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला. "जुनं नाव हाय ते. माज्या सासऱ्याच्या तोंडी असायचं. आता पोरांना ठावं नाय. कागदावर हाय ते नाव? खरंच हाय?"

"आहे आत्या. या वर्षाच्या यादीत आहे. मंजुरीच्या रकान्यात."

 मग ती म्हणाली, "माजा हात खराब हाय, डोला पुसता येत नाय. ठेव फोन."

मी फोन ठेवला.  नेऱ्याच्याने ते पान छापून माझ्यासमोर ठेवलं, दोन प्रती. तिसरी भाईसाहेबांनी मागून घेतली.

"बेटा, एक गोष्ट ध्यानात ठेव," ते म्हणाले. "यादीत नाव आलं म्हणजे काम झालं नाही. गावात जाऊन दार बसलं असं सांगू नको. कागदात आहे, एवढंच सांग. कुठलं पुस्तक, कुठलं पान, हे पण सांग."

रविवारी सकाळी मी गावात गेले. गावकी देवळाच्या मंडपात बसली होती. पुरुष सतरंजीवर, घरचा कर्ता पुरुष नसलेल्या बाया एका बाजूला खांबाला टेकून. आत्या त्यांत होती, नवी साडी नेसून, जणू लग्नाला आलीय. संमतीपत्रांचा गठ्ठा थोरल्या काकांच्या मांडीवर होता, वर शाईचा पॅड, ज्यांना सही येत नाही त्यांच्यासाठी.

मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो लांब धरला, मग जवळ धरला.

"तूच वाच," म्हणाले. "माजा चस्मा घरी हाय." चष्मा त्यांच्या खिशात दिसत होता. त्यांना सगळ्यांनी ऐकायला हवं होतं, असं मला वाटतं.

मी वाचलं. पुस्तकाचं नाव, पान, ओळ. खाराचं जुनं नाव आलं तसे दोन म्हातारे एकदम बोलायला लागले, तिसऱ्याने त्यांना गप्प केलं.

"कागदावर दार बसवून पानी थांबतंय काय?" मागून एक जण म्हणाला.

"तुजी सही पन कागदावरच हाय ना रे?" आत्या खांबापासून म्हणाली. "तिच्यावर कंटेनर उबा राहतोय, मग दार का नाय राहणार?"

मंडप हसला. थोरले काकाही हसले, पण लगेच गंभीर झाले. "वैनी, हसायची गोष्ट नाय. माजंही शेत दोन वरीस पांढरं परलंय. आमी काय हौसेनं सही करतोय काय?"

"मना ठावं हाय भावजी," आत्या म्हणाली. आता ती हसत नव्हती. "म्हनून तर पोरीला बोलावली."

मी भाईसाहेबांनी सांगितलं तसं सांगितलं. काम झालेलं नाही. नाव यादीत आहे. खारभूमीच्या ऑफिसात जाऊन या पानावर बोट ठेवून विचारता येईल, ते नाही म्हणू शकणार नाहीत. एवढंच माझ्याकडे आहे.

थोरल्या काकांनी गठ्ठा सारखा केला. मग त्यांनी शाईचा पॅड मिटला.

"उद्या ऑफिसात जातो," म्हणाले. "तिथं काय सांगतात ते बघून मग गावकी. सह्या तवर माज्याकरं."

सोमवारी ते आणि आणखी दोघे गेले. साहेबांनी म्हणे पान बघितलं आणि उलट यांनाच विचारलं, तुम्हाला अजून कळवलं नाही का? कामाचा आदेश निघालेला होता. नोटीस शेजारच्या गावच्या ग्रामपंचायतीत लागली होती, कारण खाराचं ते जुनं नाव आज त्या गावाच्या हद्दीला जास्त जवळचं वाटतं. दोन गावांच्या मधे एक कागद उन्हात वाळत पडला होता. कुणाची मुद्दाम चूक नव्हती. काकांनी संध्याकाळी मला फोन करून हे सांगितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला 'बाय' न म्हणता 'मॅडम' म्हणाले. मी म्हटलं, काका, असं नका बोलू. ते म्हणाले, बरं बाय.

मी दोन आठवडे ती दुरुस्तीची यादी पुन्हा वाचली. अलिफपासून. आणखी चार शब्द मिळाले, जे मी उगाच सुधारले होते. एक भाईसाहेबांनी ओळखला, एक नेऱ्याच्याने, दोन आत्याने. आत्याने त्या दोन्हींवर मला बरंच ऐकवलं.

दारं मे महिन्यात टेम्पोतून आली. सागाची, डांबर लावलेली, रुंद. चार दिवस बांधावर माणसं काम करत होती. खांड बुजवायला गावातली पोरं स्वतःहून गेली. पुढच्या पौर्णिमेला मी रजा घेतली. पौर्णिमेची भरती आमच्याकडे दुपारी, बाराच्या पुढे भरते. सव्वाबाराला मी, आत्या, थोरले काका आणि अर्धं गाव बांधावर उन्हात उभं होतं.

खाडी फुगत आली. पाणी दारांच्या फळ्यांना लागलं, मग वर चढलं. दोन्ही दारं हळूहळू मिटत गेली आणि एक जाडसर आवाज होऊन बंद झाली. बाहेरच्या बाजूला पाणी चढतच राहिलं, माझ्या कमरेएवढं. आतल्या बाजूला, जिथे दोन वर्षं मचूळ पाणी यायचं, तिथे फळ्यांच्या खालून एक पातळशी ओली रेघ आली आणि चिखलात जिरली. सगळे वाकून ती रेघ बघत होते. ती पुढे सरकली नाही.

"बसली," थोरले काका म्हणाले. त्यांनी टोपी काढून घाम पुसला. "बसली गं वैनी."

कुणीतरी नारळ आणला होता, तो फोडला. आत्याने एक तुकडा मला दिला, एक स्वतः तोंडात टाकला, आणि बांधावरून खाली आपल्या शेतात उतरली. मीही तिच्यामागे उतरले. जमीन अजून पांढरीच होती. एका पावसात सगळं मीठ निघत नाही, यंदाचं पीक निम्मंच येईल, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तिने पायाच्या अंगठ्याने वरचा पांढरा पापुद्रा उकरला, खालची काळी माती बघितली, आणि पुन्हा पायाने सारखी केली.

"राब कुठं भाजायचा?" तिने मला विचारलं. रोपासाठी पालापाचोळा पसरून जमीन भाजून ठेवतात, तो राब. दोन वर्षं तिने या शेतात तो भाजला नव्हता.

"मला काय कळतंय आत्या?"

"इचारतेय म्हनून तरी सांग," ती म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता बांधापासून पावलं मोजत शेताच्या उंच कोपऱ्याकडे चालायला लागली.